पट्टीखालचं पाणी

मी नद्यांचं पाणी मोजतो असं लोकांना सांगतो. खरं तर बहुतेक वेळा मोजत नाही. दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांवरून, आणि तेही नसले तर शेजारच्या नदीच्या आकड्यांवरून, अंदाज बांधतो. नाशिकमधल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत माझी वीसेक वर्षं यातच गेली. कुठे बंधारा बांधायचा असला की आमचा अहवाल लागतो. त्यात दोन गोष्टी सांगायच्या असतात: किती पाणी अडवता येईल, आणि खालची नदी जिवंत राहावी म्हणून किती सोडावं लागेल. पहिल्या गोष्टीला शंभर पानं असतात, दुसरीला दोन. अशाच दोन पानांत मी एक खोटं वाक्य लिहिलं.

नदी सुरगाण्याच्या डोंगरातली. तिचं पाणी अडवून, उपसून वणीकडच्या टोमॅटो-द्राक्षांना द्यायची योजना होती. पाण्याची पातळी बघायची सोय अख्ख्या नदीवर एकाच जागी होती: खडकाला ठोकलेली, आकडे रंगवलेली एक लोखंडी पट्टी. जवळच्या पाड्यावरचा एक माणूस रोज सकाळी तिथे जायचा, पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. मला शेवटच्या पाच वर्षांची रजिस्टरं मिळाली, त्यातलं एक वाळवीनं अर्धं खाल्लेलं. वाचता आलं तेवढ्यात पाचांतही फेब्रुवारी ते मे ओळीनं शून्य होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी जागा बघायला गेलो. पट्टी वाचणारा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, काटक माणूस. तो मला काठानं खाली घेऊन गेला. पट्टी कोरड्या कातळावर उभी होती. आणि तिच्या खाली हातभर अंतरावर, कातळाच्या चिरेतून, पाणी वाहत होतं. चांगलं खळाळत होतं.

"रजिस्टरात शून्य आहे. मग हे काय वाहतंय?" मी विचारलं.

"पानी पट्टीच्या खाली गेलंय साहेब. तिथं आकडाच नाय. काय लिहू?"

"काही लिहायचं नाही. जागा मोकळी सोडायची."

"पयल्या साली सोडली व्हती. तपासायला साहेब आला, म्हनला, हा कामावर येतच नाय, घरी पडून ऱ्हातो. तवापासून शून्य टाकतो. शून्याला कोनी काय इचारत नाय."

तो हसला, मीही हसलो. प्रवाह मोजायचं यंत्र मी आणलं नव्हतं. आणलं असतं तरी इतक्या उथळ पाण्यात त्याचं पातं बुडलं नसतं. पंचवटीतल्या बाजारातून निघताना वाटेत खायला मोसंबी घेतली होती. पाण्याच्या कडेनं दहा पावलं मोजून दोन दगड ठेवले, वरच्या दगडापाशी मोसंबं सोडलं आणि खालच्या दगडाशी पोचेपर्यंत घड्याळ बघितलं. असं पाच वेळा केलं. काठीनं खोली मोजली, दोरीनं रुंदी. ही जुनी रीत आहे, ढोबळ आहे, पण खोटी नाही. खाली डोहावर त्याची बायको हंडा भरत होती. ती मान वर करून म्हणाली, "अवो, ह्ये साहेब पानी मोजतंय का फळं धुतंय?"

"गप ऱ्हा. सरकारी फळं हायेत," तो म्हणाला.

मग त्यानं मला डोह दाखवला. पाड्याचं प्यायचं पाणी तिथलंच. कातळाच्या चिरेतून येणारी नदीची ती धार उन्हाळाभर त्या डोहात पडत राहायची, म्हणून डोह नासत नसे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिथे कोणी जाळं टाकत नसे. मग सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या एका दिवशी पाडा एकदमच पाण्यात उतरायचा, आणि तेव्हाही मोठे मासे पाण्यात सोडून द्यायचे, बारके धरायचे. मला हे उलटं वाटलं. तो म्हणाला, "मोठी मासळी अंडी टाकती साहेब. पावसात हितूनच वर-खाली सगळ्या नदीला मासा जातो. ह्ये आमचं बियानं हाय."

हे सगळं मी वहीत टिपून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे.

नाशिकला परतल्यावर आमच्या वरिष्ठांनी विचारलं, "उन्हाळ्यात खाली किती सोडायचं धरतोयस?" मला कोणी धमकावलं नाही, कोणी काही देऊ केलं नाही. ते खरोखर विचारत होते. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मंजुरीची बैठक आली. समोर बसलेले मोठे अधिकारी, त्यातला एकजण विचारतोय, हा आकडा कशानं मोजलात? आणि मी सांगतोय, मोसंब्यानं. मला लाज वाटली. मी म्हणालो, "रजिस्टरात शून्य आहे. तेच धरू. आपल्याकडे दुसरी अधिकृत नोंद नाही."

आणि मी लिहिलं: उपलब्ध नोंदींनुसार फेब्रुवारी ते मे या काळात नदी कोरडी असते, सबब या काळात पाणी सोडण्याची आवश्यकता नाही.

बैठकीत त्या दोन पानांवर कोणी काही विचारलं नाही. चहा आला.

माहिती अपुरी असताना कसं वागायचं हे मला येत नव्हतं असं नाही. मी ते प्रशिक्षणवर्गात शिकवतो. नोंद नसेल तर नोंद नाही असं लिहा. हातानं मोजलं असेल तर तसं लिहा, ते किती चुकू शकतं तेही लिहा. आणि शंका असेल तिथे नदीला जास्त द्या, कारण जास्त दिलेलं पुढे कमी करता येतं. लोक हे वहीत उतरवून घेतात.

डोहाच्या वरच्या अंगाला बंधारा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात पट्टी वाचणाऱ्या त्या माणसाचा फोन आला. "साहेब, डोह गेला."

मी गेलो. डोहाच्या जागी हिरवट, जाड पाण्याचं डबकं होतं, त्याच्या कडेला मेलेले मासे पांढरे पडले होते. वास सहन होत नव्हता. बाया वरच्या पाड्यावरच्या हातपंपावरून हंडे आणत होत्या, चढ-उतार करत. तो मला एवढंच म्हणाला, "आता शून्य लिहितो त्ये खरं हाय."

मी बंधाऱ्यावर गेलो. तिथल्या अभियंत्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली. खाली पाणी सोडायचं दार थोडं उघडा म्हटल्यावर त्यानं मोबाइलवर अहवाल काढला आणि ते वाक्य मला वाचून दाखवलं. "तुमचंच आहे सर. मी वरून आदेश नसताना कसं सोडू?" तो उद्धट नव्हता.

परतताना रामकुंडावरून आलो. आमच्या गोदावरीत स्नानाच्या पर्वणीला पाणी कमी वाटलं की धरणातून सोडलं जातं. तेव्हा गोदावरीचा प्रवाह किती, गरज किती, असं कोणी विचारत नाही. अंघोळीला पाणी हवं हे सगळ्यांना मोजल्याशिवाय कळतं.

मी मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की उन्हाळी प्रवाहाची नोंद नजरचुकीने शून्य धरली गेली. उत्तर आलं: फेरविचारासाठी किमान दोन उन्हाळ्यांची प्रत्यक्ष मोजमापं जोडावीत. दार बंद असताना मोजायला पाणी नाही, आणि मोजमापाशिवाय दार उघडणार नाही. मग मला वाटलं, पाड्यावरच्या लोकांच्या सह्या घेऊन अर्ज करावा. कागद घेऊन मी पट्टी वाचणाऱ्याच्या अंगणात बसलो. तो वाचत होता. त्याची बायको हातपंपावरून आली, हंडा उतरवला आणि उभ्यानंच विचारलं, "कसला कागुद?"

मी सांगितलं, इथे पाणी वाहत होतं असं तुम्ही सगळ्यांनी लिहून द्यायचं.

"तुमी नव्हतं का पाह्यलं? तुमची फळं व्हती ना त्यात?"

"पाहिलं होतं."

"मंग आमचे अंगठे कशाला? तुमची सही काय मोडलीय?"

नवरा तिला "अगं" म्हणाला, पण कागद त्यानं घडी करून मला परत दिला.

त्या आठवड्यात मी दुसरं पत्र लिहिलं. नजरचुकीने हा शब्द काढला. लिहिलं की पाणी मी स्वतः पाहिलं होतं, मोजलं होतं, आणि माहीत असून शून्य लिहिलं. वहीच्या पानाची प्रत जोडली, मोसंब्यासकट. वरिष्ठांनी वाचलं. म्हणाले, "हे गेलं तर तुझा मागचा एकही अहवाल कोणी खरा धरणार नाही. आणि आमचाही." त्यांचं चूक नव्हतं. मी पत्र स्वतः जाऊन त्या कार्यालयाच्या आवक खिडकीत दिलं आणि शिक्का मारून घेतला.

याला सात आठवडे झाले. दार बंदच आहे. मी एक दिवसाआड फोन करतो. पलीकडचा कारकून आता माझा आवाज ओळखतो, आणि मी नदीचं नाव घ्यायच्या आत तोच सांगतो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."