कावीळ झालेली नणंद

माझ्या लग्नात नणंद नव्हती. म्हणजे होती, पण तिला कावीळ झालीय आणि ती देगलूरला मावशीकडं आराम करतेय, असं आम्हाला लातूरला सांगण्यात आलं होतं. माझ्या आईला फार वाईट वाटलं. लग्नाच्या गडबडीतही तिनं नणंदेची साडी वेगळी बांधून दिली आणि तिला तेलकट काही देऊ नका, असा निरोपही धाडला.

मी नांदेडला आले. घरातले पाहुणे पांगले आणि एका दुपारी ती आली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसले होते. तिचं अर्धं कपाळ, एका डोळ्याभोवतीची जागा, ओठांच्या कडा आणि दोन्ही हात पांढरे होते. बाकीचा रंग माझ्या नवऱ्यासारखाच, सावळा. हिला कोड आहे हे कळायला मला क्षणही लागला नाही. तिनं बॅग भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"वैनी, मी तुमची नणंद," ती म्हणाली. "लग्नात मला काय झालं होतं तेवढं सांगून टाका, म्हणजे तसं वागता येईल."

"कावीळ," मी म्हणाले.

"चुलतभावाच्या लग्नात टायफॉईड होता," ती म्हणाली आणि माझ्यापुढचा लसूण ओढून घेऊन सोलायला लागली.

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मी आधी तिच्याबरोबर लसूण सोलत राहिले. मग राग आला, आणि तो रात्रीपर्यंत उतरला नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आईनं ठरवलं होतं. मी सांगणारच होतो, पण तसा प्रसंग आला नाही. साखरपुड्यानंतर आम्ही रोज फोनवर बोलायचो. त्याला वरणात हिंग चालत नाही हे सांगायला प्रसंग आला होता. शाळेतल्या मास्तरांची टोपणनावं सांगायलाही आला होता. सख्खी बहीण सांगायला तेवढा आला नव्हता.

मी लातूरला आईला फोन लावला. आमची फसवणूक झाली, असं ती म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या बाजूनं कुणीतरी आहे. पण आईचा पुढचा प्रश्न होता, अंगावर कुठं कुठं आहे? आणि त्याच्या पुढचा, लेकराबाळांत उतरतं का? ती पोरगी माझ्याशी कशी वागते, काय बोलते, काय शिकली, हे आईला विचारावंसं वाटलं नाही. खोटं बोलल्याचा तिला राग नव्हताच. कोडाचा होता. माझी आई शिकलेली बाई, कोड शिवल्यानं होत नाही हे ती पुस्तकातून वाचून सांगेल. तरी शेवटी म्हणालीच की तिचा टॉवेल वेगळा ठेवत जा. मी फोन ठेवून दिला आणि बरेच दिवस तिला स्वतःहून केला नाही.

मी तिला वन्सं म्हणायला लागले. आधी चेष्टेत, मग तेच राहिलं. आमची ओळख काही गोडीगुलाबीनं झाली नाही. ती दुधावरची साय चोरून खायची आणि मांजराचं नाव सांगायची. आमच्या घरात मांजर नव्हतं. कॅरममध्ये राणी आपल्याच बाजूला ढकलायची आणि पकडलं की उलट माझ्यावरच चढायची. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचून, खुनी कोण ते मला भाजी चिरताना सांगून टाकायची. आणि नकला! सासरे दुकानातून येऊन खुर्चीत बसताना कसा श्वास सोडतात, सासूबाई लिंगपूजा आटोपून उठताना गुडघ्यावर हात ठेवून आधी कुणाकडं बघतात, माझा नवरा खोटं बोलण्याआधी नाक कसं ओढतो, हे सगळं ती करून दाखवायची. नाक ओढण्याची नक्कल पाहिल्यापासून मला नवऱ्याशी संसार करणं सोपं गेलं.

एकदा तिनं माझीही केली. शिंक येणार म्हणून मी हातातलं सगळं खाली ठेवते, पदर सावरते, तोंड तयार करते आणि मग शिंक येतच नाही. जन्मभर मी हे करत होते आणि मला ते माहीत नव्हतं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

आणि या बाईविषयी लोक काय बोलायचे? "बिचारी." शेजारच्या काकू, लातूरच्या माझ्या मावश्या, दुकानातली गिऱ्हाइकं, सगळ्यांचा तोच शब्द. "रंगाचं असं झालं, पण मनानं लई चांगली हो." तिच्याशी चार शब्द न बोललेल्या बायका मला हे सांगायच्या. तिच्या मनात त्या कधी शिरल्या होत्या? एकदा मी लातूरच्या एका हळदीकुंकवात सरळ सांगितलं की ती मनानं काही फार चांगली नाही, भांडकुदळ आहे, लबाड आहे आणि तिच्यासोबत असलं की दिवस कसा जातो कळत नाही. बायकांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मीच नणंदेचा छळ करते. बिचारी म्हणण्यात त्यांची सोय होती. बिचारी म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही.

लातूरला जाताना एसटीत एक बाई तिच्याशेजारून उठून मागं जाऊन उभी राहिली. नांदेडहून लातूर काही जवळ नाही, पण ती बाई उभी राहायला तयार होती. मी भांडायला उठले तर वन्संनी माझा हात ओढून मला खाली बसवलं.

"वैनी, भांडण मी बी करते," ती म्हणाली, "पण खिडकी मिळाल्यावर न्हाई." आणि सरकून खिडकीशी बसली, पाय पसरले आणि लोह्याच्या पुढं झोपलीसुद्धा. मी मात्र लातूर येईपर्यंत मनातल्या मनात त्या बाईला बोलत होते.

मग माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरवायचं आलं. औशाचं एक स्थळ होतं, व्यापारी घर, आमच्याच समाजाचं. मुलीकडचे घर बघायला येणार म्हटल्यावर सासूबाईंनी देगलूरला फोन केला. वन्संची बॅग भरायचं कुणी बोललं नाही. तिनं ती आपणच भरून दाराशी आणून ठेवली. ती बॅग बघून माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंना म्हणाले की ती देगलूरला जाणार असेल तर मी लातूरला जाते, पाहुण्यांना सांगा थोरल्या सुनेलाही कावीळ झाली.

सासूबाई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या.

"मला हौस हाय का गं मपली लेक लपवायची?" त्या म्हणाल्या. "तिचं तर काही झालं न्हाई. लेकाचं तरी होऊ दे."

मला त्यांची दया आली. पण राग गेला नाही, कारण त्या बोलत होत्या तेव्हा लेक तिथंच दाराला टेकून उभी होती आणि तिच्याविषयी असं बोललं जात होतं जणू ती देगलूरला पोचलीच आहे.

वन्सं माझ्यावरच वैतागली. देगलूर तिला आवडायचं. मावशीबरोबर बाजारात हिंडायचं, अर्ध्या तेलुगूत घासाघीस करायची. माझ्या नावानं तुम्ही का भांडून राहिल्या, असं तिनं मला विचारलं. तिला विचारायचं मलाही सुचलं नव्हतं, हे खरं. मग ती बराच वेळ गच्चीत कपडे वाळत घालत राहिली. खाली आली तेव्हा बॅग उचलून आत घेऊन गेली आणि म्हणाली, या खेपेला बरं वाटतंय मला.

पाहुणे आले. मुलीचा काका, तिचे वडील आणि एक आत्या. सासूबाईंनी वन्संला आत राहायला सांगितलं होतं. पोहे बाहेर गेले आणि त्यांच्यामागून तीही गेली आणि सासऱ्यांशेजारच्या खुर्चीवर बसली. काकाचा घास हातातच राहिला. त्यानं सासऱ्यांना विचारलं, ह्या कोण? सासरे पंख्याकडं बघायला लागले. माझा नवरा नाक ओढायला लागला. तेव्हा दीर बोलला, जो एरवी घरात मीठसुद्धा मागून घ्यायला लाजतो.

"माझी बहीण हाय. लग्नात करवली हीच राहणार."

काकानं सासऱ्यांकडंच तोंड ठेवून विचारलं, हे जन्मापासून आहे का?

"मला विचारा की," वन्सं म्हणाली. "मी हितंच बसले."

त्यानं तिला काहीच विचारलं नाही. आत्याबाई मात्र बोलक्या होत्या. औशाच्या बाजारात कुठल्या दुकानात काय चांगलं मिळतं इथपासून सुरू झालं आणि दोघी चहा गार होईपर्यंत बोलत राहिल्या. निघताना आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. मला वाटलं, जमलं.

जमलं नाही. मध्यस्थानं निरोप आणला की पोरगा चांगला आहे, दुकान चांगलं आहे, पण घरात "तसलं" आहे. निरोपात त्या काकाबरोबर आत्याबाईंचंही नाव होतं. एवढा वेळ हसून बोललेल्या बाईला घरी जाऊन एवढंही म्हणता आलं नव्हतं की ती पोरगी गप्पिष्ट आहे. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. नवरा म्हणाला, मिळालं ना मनासारखं? त्या आठवड्यात मी त्याच्या वरणात हिंग घातला.

पुढं दिराचं लग्न शिरूर अनंतपाळच्या मुलीशी झालं. या वेळी पहिल्याच फोनवर सगळं सांगितलं गेलं, सांगितलं दिरानंच. त्या लोकांनी ऐकून घेतलं आणि शेतात पाणी सोडायचे दिवस टाळून तारीख कुठली धरायची, एवढंच विचारलं. माणसं अशीही असतात, म्हणून तर औशाच्यांचा राग जास्त येतो. वन्सं करवली झाली. मोरपंखी साडी नेसली, नवरदेवाच्या मागं उभं राहून त्याच्या सासऱ्याची नक्कल माझ्या कानात करत राहिली.

काही दिवसांनी अल्बम आला. सगळे गोळा होऊन बघायला बसलो. पानं उलटत गेली आणि वन्सं म्हणाली, "ही बया कोण?"

नवरदेवामागं मोरपंखी साडीत एक बाई उभी होती. चेहरा एकसारखा गव्हाळ, हात गव्हाळ, ओठ गुलाबी. एकही डाग नाही. स्टुडिओवाल्यानं संगणकावर तिचा सगळा चेहरा सारखा करून टाकला होता. प्रत्येक फोटोत. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही गेल्या होत्या, त्यामुळं ती हसत होती तिथं नुसतेच दात दिसत होते.

सासूबाईंनी अल्बम मांडीवर ओढून घेतला आणि त्या पानावरून बोट फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी अल्बम पिशवीत घातला आणि वजिराबादेतल्या त्या स्टुडिओत गेले. वन्सं बरोबर आली. मी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिनं आधी अल्बम काउंटरवर उघडला.

"यात मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

स्टुडिओवाल्यानं अल्बमकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मोरपंखी साडीवर बोट ठेवलं. "ह्या की, ताई."

"साडीवरून ओळखलं," ती म्हणाली. "तोंड कुठं गेलं माझं?"

तो गडबडला. वाईट माणूस नव्हता. कुणी न मागता, वेगळे पैसे न घेता, चांगलं म्हणून त्यानं ते केलं होतं. काळ्या पोरी गोऱ्या करून द्या म्हणतात, टकलावर केस द्या म्हणतात, होतं ते परत द्या म्हणत अजून कुणी आलं नाही, असं तो म्हणाला. ते ऐकून माझा आवाज चढला. मी त्याला म्हणाले की या बाईला जन्मभर लोकांनी लग्नातून बाहेर काढलंय, एका लग्नात ती उभी राहिली तर तुम्ही तिला तिथूनही काढलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. वन्संनी मला कोपर मारलं. मला वाटलं, गप्प बसा म्हणतेय. पण ती म्हणाली, नवरदेवाच्या सासऱ्याचं पोट बी कमी केलंय का ते विचारा.

त्यानं अल्बम नव्यानं करून दिला. त्यात ती आहे. अर्धं कपाळ पांढरं, डोळ्याभोवती पांढरं, आणि काहीतरी वात्रट बोलून नुकतीच गप्प झालेली.

जुन्या अल्बममधलं त्या गव्हाळ बयेचं एक पान मात्र, आम्ही तो परत नेण्याआधीच, सासूबाईंनी काढून घेतलं होतं. संक्रांतीच्या आधी कपाट आवरताना ते मला त्यांच्या साड्यांच्या घडीत मिळालं. मी तडक वन्संकडं गेले. ती वाचत होती, पुस्तक तिनं खाली ठेवलं नाही.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "राहू द्या. मधून मधून बघत असते आई."

मी ते पान जिथं होतं तिथं ठेवलं. ती राहू द्या म्हणते, तिची आई आहे, तिला म्हणता येतं. मला नाही येत. ते कपाट उघडायची वेळ आली की अजूनही माझे हात जोरात चालतात आणि सासूबाई विचारतात की आज कुणावर काढतेस गं?