अक्काताईचा पंप

निपाणीत गुंडू नावाची माणसं पुष्कळ होती, पण नुसतं ‘पंपवाला’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एकच गुंडू यायचा. गाव संपून पुणे-बेंगळूर रस्ता मोकळा होतो, तिथं बेळगावच्या श्रीपादरावांचा पेट्रोलचा पंप होता. माणसापेक्षा उंच लाल खांब, त्याच्या डोक्यावर काचेची दोन भांडी आणि बाजूला दांडा. गुंडूनं दांडा मागंपुढं केला की एका भांड्यात पेट्रोल चढायचं. ते नळीतून मोटारीत उतरेपर्यंत दुसरं भरत यायचं. तंबाखूच्या लॉऱ्या असोत की एखाद्या साहेबाची गाडी असो, सगळ्यांना त्याच्यापुढं थांबावं लागे. खाकी टोपी नीट करून तो ज्या ऐटीत दांड्याला हात घाली, ती बघून त्याची बायको जयाबाई म्हणायची, “लगनात माझा हात धरताना एवढी ऐट न्हवती.”

मग महायुद्ध आलं. पेट्रोल कुपनावर गेलं, लॉऱ्या कमी झाल्या, उतारूंच्या उरलेल्या सर्व्हिस मोटारी पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बांधून धूर सोडत धावू लागल्या. बेचाळीस साली पंप बंद पडला. गुंडू एका तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला लागला. दिवसभर तंबाखूची भुकटी नाकातोंडात जायची, शिंकून शिंकून जीव अर्धा व्हायचा. तरी संध्याकाळी घरी जाताना तो वाट वाकडी करून पंपाकडं जायचा, काच पुसायचा, दांड्याला तेलाचा थेंब सोडायचा. बंद का असेना, पंप आपला आहे, एवढ्यावर तो गडी तग धरून होता.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो गेला, तर पंपाच्या पत्र्याच्या छपराखाली चूल पेटलेली. सदलग्याची अक्काताई नावाची विधवा बाई परातीत भाकरी थापत होती. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांत तिनं तुळशी लावल्या होत्या. तिचं लुगडं वाळत होतं, त्याचं एक टोक छपराच्या खांबाला आणि दुसरं पंपाच्या मानेला बांधलेलं होतं.

“कुणाला इचारून हितं बसलीस, बाई?”

“मालकाला इचारून. बेळगावास्नं परवानगी आणलीया. तुम्ही गुंडूआप्पा न्हवं? बसा की. झुणका गरम हाय.”

गुंडू बसला नाही. मालकानं जागा दिली याचं त्याला तेवढं वाटलं नाही; आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही, हे मात्र काट्यासारखं सलत राहिलं.

पेट्रोल गेलं तसे बैलगाडीचे दिवस परतले होते. चिकोडी, संकेश्वरकडून तंबाखू घेऊन येणाऱ्या गाड्या आता त्या छपरासमोर सुटू लागल्या. मोटारी येत होत्या तेव्हासुद्धा तिथं कधी एवढी गर्दी झाली नव्हती. अक्काताईच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. उधारी मागणाऱ्याला ती म्हणायची, “बैलाला उद्या चारतोस का रं? मग माझी चूल का उद्यावर?” गाडीवान हसायचे आणि पैसे काढून द्यायचे. लांबून ते हसणं ऐकलं की गुंडू रस्त्यातच थांबायचा. कधी चार पावलं जवळ जाऊन तो गाड्या बघायचा आणि स्वतःवरच चिडून मागं फिरायचा.

त्यातच एक दिवस वखारीत मष्णू गाडीवान सहज बोलून गेला, “गाडी अक्काताईच्या पंपावर सोडलीया.”

“कुणाच्या पंपावर?”

“अक्काताईच्या. सारं गाव म्हणतंय.”

त्या रात्री गुंडूला भाकरी गोड लागली नाही. जयाबाई म्हणाली, “आवो, बाई दोन पैसं मिळवतीया तर तुमच्या अंगाचा तिळपापड का होतोय? खांबाला काय तुमचं नाव गोंदलंय?”

“तू गप गं. तुला काय कळतंय.”

“मला सवत कळती. लोखंडाची असली म्हणून काय झालं?”

दसऱ्याला आठवडा उरला असताना गुंडूनं वखारीतून सुट्टी काढली आणि सर्व्हिस मोटारीनं बेळगाव गाठलं. श्रीपादरावांच्या ओसरीवर हात जोडून तो म्हणाला, “मालक, जमिनीतल्या टाकीत अजून पेट्रोलचा वास हाय. वर बाईची चूल. एक ठिणगी पडली तर निम्मं गाव उडंल.”

श्रीपादराव घाबरले. “हे मला सुचलंच नाही. बरं केलंस आलास. नवमीला कोल्हापूरला जाताना उतरतो आणि बाईला उठवतो.”

गुंडू परतला तो वाऱ्यावर तरंगतच. बोललं त्यात खोट कुठं होती, ते एकट्या त्याला ठाऊक होतं. पंप बंद झाला तेव्हा एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, वास कोंडला की ती बाँबच. म्हणून गुंडूनं समोरच्या विहिरीचं पाणी खेपा घालून आणलं होतं आणि टाकी तोंडापर्यंत भरली होती. मालकाला याचा पत्ता नव्हता.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं ते पुजायचं. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत. पंप चालू होता तोवर गुंडू पंपाला झेंडूची माळ घालायचा. ती बाई आज आपल्या आधी पंप पुजून मोकळी होईल, या धास्तीनं तो उजाडताच माळ, नारळ घेऊन निघाला.

अक्काताईची पूजा झालेली होती. परात, तवा, उलथनं, विळी, पाटा-वरवंटा, सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांवर फूल. पंपाला मात्र काही नव्हतं. खांब घासूनपुसून लख्ख केलेला, लुगड्याची गाठ सोडलेली, पायथ्याशी शेणाचा सडा, सड्यावर रांगोळी. पण कुंकवाचं बोट कुठं नाही.

गुंडूला तेही झोंबलं. “सगळ्यांस्नी फुलं आन् ह्याला न्हाय? ह्याच्या सावलीत जेवतीस न्हवं?”

अक्काताई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, “हत्यार तुमचं. मी कशी पुजू? लोटून-सारवून तुमची वाट बघत होते.”

गुंडूच्या हातातली माळ हातातच राहिली. बाईनं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं पूजा केली, नारळ फोडला. त्याची अर्धी भक्कल तिच्यापुढं ठेवावी लागली. तिनं दोन तळलेल्या गोड कडाकण्या त्याच्या ओंजळीत घातल्या. त्या चांगल्या खुसखुशीत होत्या, याचाही त्याला राग आला.

तेवढ्यात श्रीपादरावांची मोटार येऊन थांबली. गाडीवान गोळा झाले, त्यांत मष्णूही होता. श्रीपादराव लांबूनच म्हणाले, “बाई, आधी चूल विझवा. खाली टाकी आहे. आजच्या आज जागा मोकळी करायची.”

अक्काताईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि एकदा गुंडूकडं. तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीकडं वळली. पाठमोऱ्या बाईचे खांदे एकाएकी म्हातारे दिसले.

गुंडूच्या मनासारखं होत होतं. उद्यापासून छप्पर रिकामं, गाव पुन्हा त्याला पंपवाला म्हणणार. ओंजळीत कडाकण्या होत्या. त्या त्यानं मष्णूच्या हातात दिल्या, टोपी नीट केली, दांड्याला हात घातला आणि ओढला.

दांडा कुरकुरला. नळ्या खाकरल्या. मग काचेच्या भांड्यात गंजानं लाल झालेलं पाणी हळूहळू वर चढलं.

“टाकीत पानी हाय, मालक. मीच भरलंय.”

श्रीपादराव काचेकडं बघतच राहिले. “मग बेळगावला काय सांगायला आलतास?”

गुंडू खाली बघत दांडा ओढत राहिला. उत्तर मष्णूनं दिलं. “त्याचं पोट दुखत हुतं, मालक. आता उतरलं.” गाडीवान हसले. अक्काताईनं तांब्या खाली ठेवला. ती हसली नाही, एवढं गुंडूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं.

श्रीपादरावांचा राग फार टिकला नाही. व्यवहारी माणूस, त्यांनी छपराकडं पाहिलं, गाड्यांकडं पाहिलं. “पाणी आहे तर वाया का घालवतोस? गाडीवानांचे हातपाय धुवायला होईल. बाई, तुम्ही याला दोन वेळचं जेवण द्या. वखारीतनं सुटेल बिचारा.”

अशा रीतीनं गुंडूला पंप परत मिळाला, पण अक्काताईच्या गिऱ्हाइकांच्या हातांवर पाणी घालायला. तो विहिरीचं पाणी टाकीत भरे आणि दांडा ओढे. खाकी टोपी मात्र सोडली नाही. कुणी झुणक्याची तारीफ केली की दांडा जरा जोरात ओढायचा आणि त्या माणसाचं धोतर भिजवायचा.

युद्ध संपलं, पेट्रोल सुटू लागलं. टाकी उपसली, धुतली, खांबाला नवा लाल रंग लागला. अक्काताईनं चूल रस्त्यापलीकडं, विहिरीजवळ एका झोपडीत नेली. गाड्याही मागोमाग गेल्या. छपराखाली गुंडू एकटा उभा राहिला, अगदी पूर्वीसारखा. दिवसभर मोटारी मोजक्या येत आणि पलीकडचं हसणं इकडं ऐकू येई. दुपारी जेवायला मात्र तो तिकडंच जायचा आणि मीठ कमी आहे म्हणायचा.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एक नवखी लॉरी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. “अक्काताईचा पंप ह्योच न्हवं?”

गुंडूनं पलीकडं पाहिलं. झोपडीच्या दारात अक्काताई कपाळावर हात धरून इकडंच बघत होती. त्यानं टोपी नीट केली आणि दांड्याला हात घातला.

“ह्योच,” तो म्हणाला. “किती घालू?”