माशीला गडगा कळत नाही

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "वन्सं, हे उठत नाहीयेत हो..." एवढंच वहिनी बोलली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. तशीच उठले, रिक्षा केली. रत्नागिरी मागे पडून खाडीचा पूल ओलांडला की आमच्या गावाचा चढ लागतो आणि दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा सुरू होतात. माघाचे दिवस. कलमं मोहराने लदबदलेली आणि जिकडेतिकडे फवारणीच्या पंपांची घरघर. पदर नाकाला लावूनच मी माहेरच्या अंगणात उतरले. दुपारी अण्णाला नेलं. आमच्याकडे बायका फाटकापर्यंतच जातात, म्हणून मी तिथे उभी होते. स्मशानाची वाट बापूच्या बागेच्या कडेने जाते. बापू म्हणजे आमचा भावकीतला चुलतभाऊ, अण्णाच्या बरोबरीचा, शाळेपासूनचा त्याचा मित्र. तो स्वतः खांदा देत पुढे चालला होता आणि त्याच्याच बागेत पंपाचं इंजिन धडधडत होतं. रामनामाच्या वर तो आवाज येत होता. बंद करावासा कुणाला वाटला नाही. बापूलाही नाही.

नंतर कुणीतरी मला समजावलं, "ताई, मोहर काय कुणासाठी थांबतो?" समजावणाऱ्याचं बरोबरच होतं. अण्णासाठी कोणीच काही थांबवलं नाही, हेच तर मला आज लिहायचं आहे.

आमची बाग बाबांनी लावलेली. खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, उतरत गेलेली कलमं, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बिनचुन्याची रचलेली कुंपणभिंत. लहानपणी मोहराच्या दिवसांत त्या बागेत शिरलं की कानात आवाज भरायचा. माश्या, मधमाश्या, भुंगे, नावं माहीत नसलेली कितीतरी चिलटं. बाबा त्या दिवसांत एक उद्योग करायचे, ज्यावरून आमच्या शाकाहारी घरात दरवर्षी भांडण ठरलेलं असे. बंदरावरून मासळीचा केर आणवायचे आणि जुन्या टोपल्यांत घालून झाडांखाली टांगायचे. आई सोवळ्यातून ओरडायची, "घराचा पार बाजार केलात!" बाबा म्हणायचे, "वासाला माशी येते, माशी मोहरावर बसते, तेव्हा कुठे आंबा धरतो. आंबा तर हवा ना तुला?" अण्णा आणि मी नाक दाबून त्या टोपल्यांखालून पळत जायचो. बाबांना यात काही विशेष वाटत नसे. गावात सगळेच तसं करत.

अण्णा शेतकी शिकून आला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती त्या टोपल्या उकिरड्यावर फेकून दिल्या. "बाबा, हे अडाणीपण पुरे." त्याने शहरात बागायती औषधांचं दुकान काढलं. त्या काळचा अण्णा मला स्पष्ट आठवतो. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मोटरसायकलवरून बागाबागांतून फिरणारा. झाडाखाली उभा राहून मोहराचा तुरा हातात घ्यायचा, फुंकर मारायचा, तुडतुडे उडाले की मागे उभ्या मालकाकडे वळून औषधाचं नाव सांगायचा. तुडतुडा म्हणजे मोहराचा रस पिणारा बारकासा किडा, त्याने मोहर काळा पडून गळतो. अण्णाच्या औषधाने तुडतुडा एका दिवसात नाहीसा व्हायचा. लोक थक्क झाले. पहिल्या काही वर्षांत झाडं अशी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. बापू तर त्याचा पहिला गिऱ्हाईक. "वसंता म्हणेल ते औषध, वसंता म्हणेल तेव्हा," असं तो अण्णाबद्दल चारचौघांत सांगायचा. लग्नकार्यात अण्णाला मानाने पुढे बसवत. बाबा तेवढे बागेत जाऊन कान लावून उभे राहत आणि परत येत.

मग हळूहळू उलटं फिरलं. मोहर भरपूर यायचा, पण कणी, म्हणजे बारकं फळ, धरायची नाही. धरली तरी वाटाण्याएवढी होऊन गळायची. तुडतुडे आधी एका फवारणीत जायचे, ते आता परतून येऊ लागले, आणि त्यांच्या जोडीला फुलकिडे आले. अण्णाने आणखी जालीम औषध आणलं. मग त्याहून जालीम. बापूचं घर आणि बाग वरच्या अंगाला, आमचं खाली. दोन्ही घरांत मोहराच्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालणं बंद झालं.

विहिरीच्या कठड्यात सातेरी मधमाश्यांचं एक पोळं होतं. सातेरी म्हणजे भिंतीच्या, झाडाच्या ढोलीत राहणारी आपली गावठी मधमाशी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे होतं ते. ऐन फुलोऱ्यातल्या एका फवारणीनंतर वहिनी पाण्याला गेली, तर कठड्याखाली मधमाश्यांचा थर पडलेला. काही अजून पाय झाडत होत्या. तिने त्या सुपात भरल्या आणि अण्णा चहा पीत बसला होता तिथे ते सूप आणून ठेवलं. मी तेव्हा माहेरी गेले होते. तिने आवाज चढवला नाही. "हे तुमच्या औषधाचं पीक," म्हणाली आणि आत गेली. अण्णाने चहा तसाच ठेवला. किती तरी वेळ तो बोटाने त्या मधमाश्या उलट्यासुलट्या करत राहिला...

त्या दिवसापासून तो बागेत बसू लागला. औषध सुचवायला नव्हे, नुसता बघायला. मला वाटलं, याला काही होतंय. पण तो शिकत होता. जे कॉलेजात शिकवलं नव्हतं किंवा शिकवलं असूनही त्याने ऐकलं नव्हतं, ते. कलमांवर पानं शिवून घरटी करणारे लाल मुंगळे, आम्ही त्यांना ओंबील म्हणतो, ते पूर्वी आंबे काढणाऱ्या गड्यांना चावून चावून बेजार करत. ते कधीच संपले होते. ते तुडतुडे खायचे. कोळी संपले होते, ते फुलकिडे खायचे. औषधाने आधी खाणारे मरत होते, कारण ते थोडे आणि सावकाश वाढणारे. खाल्ले जाणारे मात्र चार दिवसांत पुन्हा पैदा होत होते, आणि आता त्यांना खायला कुणी उरलं नव्हतं. मोहरावर बसणारी माशी मेली म्हणून आंबा धरत नव्हता आणि आंबा धरत नाही म्हणून माणूस आणखी औषध मारत होता. एका दुपारी मला म्हणाला, "कुंदे, मी औषध विकलंच नाही गो. मी तुडतुडे विकले. लोकांच्या घरोघर नेऊन पोचवले."

दुकान त्याने बंद केलं. मुलगा मुंबईला नोकरीत होता. तो चिडला, बोलेनासा झाला. अण्णाने आमच्या बागेतली फवारणी थांबवली आणि बाबांच्या टोपल्या परत टांगल्या. बाबा ते बघायला नव्हते. पहिली दोन-तीन वर्षं बाग अक्षरशः बुडाली. लोक हसले. पण त्याला एक गोष्ट पक्की कळली होती की हे एकट्याने होणारं नाही. म्हणून त्याने गावातल्या बागायतदारांना देवळात बोलावलं. मीही मागे बायकांत बसले होते. अण्णा म्हणाला, "एवढंच करू. फुलोरा पूर्ण असताना कुणीच फवारायचं नाही. एक हंगाम, सगळ्यांनी मिळून. माझ्या एकट्याच्या बागेत माशी ठेवून उपयोग नाही. ती तुमच्याकडे येणार आणि मरणार. माशीला गडगा कळत नाही."

बापू उठला. मला वाटलं, हा तरी साथ देईल. "वसंता," तो म्हणाला, "इतकी वर्षं तू पाजलंस ते अमृत होतं. आता तुझं पोट भरलं, तर ते विष झालं होय रे?"

सभेत हशा पिकला. अण्णा हसणाऱ्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "विष तेव्हाही होतं बापू. मला कळलं नाही. तुला आता कळतंय ना?"

"मला एवढंच कळतं, की तुझ्या बागेतला तुडतुडा माझ्याकडे येतो."

ते वाक्य गावाने उचललं. अण्णाची बाग म्हणजे रोगाचं आगर झाली. पूर्वी ज्याला झाडाखाली उभं करायला माणसं वाट बघायची, त्याला आता कुणी बागेत पाऊल ठेवू देईना. मला बापूचा राग येतो, अजूनही येतो, पण त्याच्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं हेही खरं. अण्णाने विश्वास कमावला होता तो चुकीच्या गोष्टीसाठी, आणि बरोबर गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा तो सगळा खर्च होऊन गेला होता.

तरी बाग उठली. आधी कोळी आले. मग वहाळाच्या बाजूने एका कलमावर ओंबिलांचं घरटं दिसलं, तेव्हा अण्णाने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. नातू झाल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. सातेरीचं पोळं पुन्हा त्याच कठड्यात बसलं. आंबा धरला. पूर्वीसारख्या लोंबत्या फांद्या नाहीत, पण धरलेला टिकला, पिकला. वाटेवरून जाणारे गडग्यापाशी थबकायचे, वर बघायचे आणि न बोलता निघून जायचे. विचारायला एकजण आत आला नाही. आला असता तर अण्णाने त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं.

गेल्या वर्षीच्या मोहरात बापूने काही नवीन औषध आणलं. वाऱ्याचे दिवस होते आणि वारा वरून खाली वाहत होता. अण्णा त्याच्याकडे गेला. वहिनीही गेली होती, तिच्याकडूनच हे ऐकलं.

"बापू, आठ दिवस थांब. फूल गळू दे, मग मार. तुझ्याही मोहराला माझ्याच बागेतली माशी येते, बघतोयस ना?"

"माझं कलम माझ्या जागेत आहे, वसंता."

"वारा तुझ्या जागेत राहणार आहे काय?"

"मग तू उठव तुझी बाग इथनं," बापू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. वहिनी सांगते, धुकं उतरावं तसा तो फवारा खाली आला. संध्याकाळी कठड्याखाली तोच थर पडला होता. ओंबिलांची घरटी झाडावर तशीच होती, आत नुसते मेलेले ओंबील. मी गेले तेव्हा बाग मोहराने गच्च होती आणि तिथे आवाज नव्हता. कानाला दडे बसल्यासारखं झालं मला. अण्णा पायरीवर बसला होता. तक्रार कर, पंचायतीत जा, काहीतरी कर, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "काय म्हणून सांगू? त्याला हे शिकवलं कोणी?" त्यानंतर तो बागेत फारसा गेला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. घेत होता बिचारा. यंदाचा मोहर फुलला तो त्याने ओटीवरूनच पाहिला, आणि त्यातच गेला.

बाराव्या-तेराव्याला गाव जेवून गेलं. पुढे पंचायतीच्या सभागृहात शोकसभा झाली. मागे त्याचा मोठा फोटो आणि त्याखाली 'निसर्गप्रेमी'. निसर्गप्रेमी म्हणे! अण्णाला आंबा हवा होता. त्याला त्याची बाग जगवायची होती, आणि ती जगवायला माशी, मुंगळा, कोळी आणि शेजारी हे सगळेच लागतात एवढंच तो सांगत होता. पहिल्या तिघांनी ऐकलं. बापू सभेत बोलला आणि बोलताना रडला. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला ते सहन झालं नाही. त्याच्या बागेतही यंदा आंबा धरलेला नाही. त्याने भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या, त्याही मेल्या. आणि सभा उरकल्यावर तो वहिनीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला एकटीला बाग कशी झेपणार? मला कराराने दे. औषधपाण्याचं सगळं मी बघेन."

माझा भाचा मुंबईहून आला होता. त्याने होकार दिला. वहिनीला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय म्हणणार होती? तिचे गुडघे चढउतार करू देत नाहीत. त्यामुळे आता आमच्या बाबांच्या बागेत बापूचा पंप चालतो. टोपल्या काढून टाकल्या आहेत.

परवा मी वहिनीकडे राहायला गेले. ऊन तापायला लागलंय. सकाळी उठले तर ती मागच्या पडवीत एका दगडी डोणीत पाणी ओतत होती. उथळशी डोण, आत चार गोटे आणि नारळाच्या सोडणाचे दोन-तीन तुकडे. अण्णाची ती रोजची सवय होती. गोट्यांवर बसून मधमाश्यांना बुडल्याशिवाय पाणी पिता यावं म्हणून तो ती भरून ठेवायचा. एवढ्या वर्षांत मी तिकडे कधी लक्षही दिलं नव्हतं.

"कोण येतं आता, वहिनी?"

"कोणी नाही."

"मग?"

तिने एक कललेला गोटा सरळ केला. दुपारी वरून वारा सुटला, पंपाचा आवाज आला आणि थांबला. संध्याकाळी आम्ही पडवीत गेलो तर पाण्यावर तेलकट, सप्तरंगी तवंग आला होता. वहिनी खाली बसली. ते पाणी तिने तुळशीला घातलं नाही, अळवालाही घातलं नाही. कुत्रं-मांजर तोंड लावील म्हणून खड्डा करून त्यात ओतलं आणि वर माती लोटली. मग काथ्याने डोण घासली, गोटे एकेक करून धुतले, जागच्या जागी ठेवले आणि पुन्हा पाणी भरलं.