हवामानकाकूंचा बर्फ

काळेकाकूंना जपानी येत नव्हतं, फक्त हवामानाचं येत होतं. खरोखर तेवढंच. भाजीच्या दुकानात पालक हवा असला तरी त्या बोट दाखवायच्या, पण ‘उद्या दुपारनंतर किनाऱ्यालगत वाऱ्याचा जोर वाढेल’ हे वाक्य टीव्हीवरच्या बाईच्या थाटात धाडकन म्हणून दाखवायच्या. दुकानदार जुडी हातात धरून बघतच राहायचा. मुंबईच्या बँकेच्या ओसाका शाखेतून काका निवृत्त झाले, मग तिथल्याच एका व्यापारी कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. दोघं ओसाकाच्या दक्षिणेला साकाईत राहायची. काकू दिवसभर एकट्या. “बातम्या कळत नाहीत, मालिका कळत नाहीत. हवामानाला निदान चित्रं असतात,” हे त्यांचं कारण. आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव हवामानकाकू पडलं, आणि त्यांनाही ते मनापासून आवडलं.

माझी त्यांची गाठ पडली त्या मोठ्या भूकंपानंतर, अणुभट्टी फुटून किरणोत्साराची भीती पसरली तेव्हा. ऑफिसने आम्हाला काही दिवस ओसाकाला जायला सांगितलं. नवरा तेव्हा पुण्यात अडकलेला, म्हणून मी एकटीच टोकियोजवळच्या इचिकावाहून लहानग्या ईशानला कडेवर घेऊन निघाले आणि ओळखीच्या ओळखीने त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. फोनवर सारख्या अफवा यायच्या. कुणी म्हणे वारा टोकियोकडे वळलाय, कुणाचा मेव्हणा म्हणे पावसात पाऊलही टाकू नका. मी पार रडकुंडीला आले होते. काकूंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवून दिला.

“ऐकीव बंद. इकडे ये, खिडकीत उभी राहा. काय दिसतंय?”

“ऊन,” मी म्हटलं.

“मग ऊन आहे. पोराला भात भरव आणि पड जरा.”

मी पडले ती थेट संध्याकाळी उठले. इतक्या दिवसांत तशी झोप लागली नव्हती. पुढे मी ओसाकालाच बदली मागून घेतली. लोकांना मी पगाराचं कारण सांगितलं, पण खरं कारण काकू होत्या.

त्यांचा एक कंपू होता. दक्षिण किनाऱ्यावरची हौशी माणसं, बहुतेक निवृत्त. आपापल्या खिडकीतून आभाळ बघायचं आणि फोनवरच्या गटात लिहायचं, एवढाच उद्योग. तिथे कुणाला नावं नव्हती, गावं होती, आणि पुढे आदराचं ‘सान’. कोची-सान, कुशिमोतो-सान, सेन्नान-सान. आमच्या काकू साकाई-सान. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. या सगळ्यांचा जीव एका गोष्टीत अडकलेला, ती म्हणजे बर्फ. उत्तरेला तो उदंड पडतो, पण या किनाऱ्यावर कधीतरी चुकूनमाकून येतो, आणि आला तरी जमिनीवर साचत नाही. काकू मला समजावून सांगायच्या, “अगं, ते मेलं कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याच्या फार जवळून गेलं तर पाऊस, फार लांबून गेलं तर नुसतेच ढग. बेताने गेलं तरच बर्फ.”

“पण काकू, सोलापूरच्या माणसाला बर्फाचं एवढं काय कौतुक?” मी चिडवायची.

“सोलापूरच्यालाच असणार की! उत्तरेकडचे लोक फावडी घेऊन त्याला शिव्या घालतात.”

मग काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांकडे जाताना दुभाषी म्हणून मी असायचे, पण एका दिवशी नेमकी मीटिंग आली आणि काकू एकट्या गेल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने कागदावर चित्रं काढली, इंग्रजीत सांगून पाहिलं. शेवटी काकूंनीच आपल्या हवामानाच्या जपानीत विचारलं, “पुढचे दिवस?” त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “कुमोरी. नंतर आमे.” ढगाळ, नंतर पाऊस. काकूंनी विचारलं, “हारे?” म्हणजे उघडीप? त्याने नकारार्थी मान हलवली आणि तशीच खाली घातली.

काकूंनी मला फोन केला. आवाज अगदी साधा. “उघडणार नाही म्हणाला गं. पण पोरगा गुणी आहे. मला कळेल असं बोलला.” मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

काकांनी हळूहळू सगळं सोडलं. पेपर सोडला, बोलणं सोडलं. एकच प्रश्न उरला होता, “मुग्धा कधी येत्येय?” मुग्धा ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात असायची. व्हिसा, रजा, सासऱ्यांचं ऑपरेशन, या सगळ्यातून तिला तिकीट मिळालं तेव्हा डॉक्टर म्हणत होता की आता एकेक दिवस मोलाचा. काका डोळे दाराकडे लावून होते. तिला बघितल्याशिवाय जायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं जणू.

आणि मुग्धाच्या विमानाच्याच दिवशी ते बेताने जाणारं क्षेत्र आलं. सकाळपासून गटात दिवाळी. कोचीला पावसाचा बर्फ झाला! कुशिमोतोला छपरं पांढरी! म्हातारी माणसं पोरांसारखी उड्या मारत होती. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते येत होतं, आणि काकू हॉस्पिटलच्या खिडकीत उभ्या राहून पुटपुटत होत्या, “पाऊसच राहू दे रे देवा, पाऊसच राहू दे.” त्यांनी माझ्याकडून गटात लिहून घेतलं, ‘दुपारी मुलीचं विमान. वडील वाट पाहतात. आज मला आमे हवा.’ विमानाचा नंबरही दिला.

मग एकेक जण लिहू लागला. उद्गारचिन्हं गेली, फोटो गेले. नुसतं ‘सेन्नान, अजून पाऊस.’ ‘सेन्नान, अजून पाऊस.’ हे सेन्नान-सान विमानतळासमोरच्याच किनाऱ्यावर राहायचे, त्यामुळे त्यांच्या शब्दावर आमचा सगळा भरवसा. दुपारी ‘सेन्नान, बर्फ’ असं आलं. काकूंनी फोन उशाशी पालथा ठेवला.

बर्फामुळे विमान दूर फुकुओकाला नेलं. काका त्याच संध्याकाळी गेले. बाहेर बर्फ साचत होता.

दहन कुठे, कधी ते मी काकूंच्या फोनवरून सगळ्यांना कळवलं. मुग्धा दुसऱ्या दिवशी रेल्वेने आली. आईच्या गळ्यात पडली नाही, रडली नाही. “दोन दिवस आधी निघायला हवं होतं,” एवढंच, पुन्हा पुन्हा. काकूंनी समजावलं, मी समजावलं. ती ऐकत होती आणि पुन्हा तेच म्हणत होती. मला तिची भीती वाटायला लागली होती.

दहनाच्या दिवशी काळे कपडे घातलेली तीन अनोळखी माणसं आली. एक बाई, दोन म्हातारे. दारातच कमरेत वाकून उभी राहिली. आपलं काय सांगावं हे त्यांना कळेना. शेवटी बाई म्हणाल्या, “कोची.” एक म्हातारे म्हणाले, “कुशिमोतो.” काकूंच्या तोंडाला पदर गेला. तिसरे पुढे आले, “सेन्नान.” त्यांनी माझ्याकडे बघत जपानीत बोलायला सुरुवात केली, आणि मी मुग्धासाठी मराठीत सांगत गेले.

“आम्ही सकाळी आनंद केला, त्याची माफी मागतो. पाऊस थांबला तेव्हा मला घरात बसवेना. मी किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. फोनच्या नकाशावर तुमचं विमान दिसत होतं. ते खाली आलं. बर्फात मला दिसलं नाही, पण आवाज अगदी डोक्यावर आला. ते वर गेलं, वळून पुन्हा आलं. पुन्हा तेवढंच जवळ. मग दूर गेलं.”

मुग्धाने विचारलं, “किती वाजता?”

त्यांनी वेळ सांगितली. काकूंनी हिशेब केला नाही, त्यांना गरजच नव्हती. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“अगं, तेव्हा बाबा जागे होते. माझ्या हाताने दोन चमचे पाणी प्यायले. आली होतीस तू. वेळेवर आली होतीस गं.”

तेव्हा कुठे मुग्धा रडली.