पालच्या घाटात राहिलेला तुकडा

गेल्या पावसाळ्यात टायफॉइडने मला पार झोपवलं. नंतर बरी झाले, पण घरातले मला काचेच्या भांड्यासारखं जपत राहिले. पाण्याची बादली उचलली तरी कोणीतरी धावत यायचं. म्हणून आमच्या जळगावच्या सायकल ग्रुपची पालची राइड ठरली, तेव्हा मी आधी नाव दिलं आणि मग नवऱ्याला सांगितलं.  तो पंप आणून माझ्या चाकांत हवा भरायला लागला.

जळगावहून भुसावळ, तापी ओलांडून फैजपूर, खिरोदा आणि शेवटी सातपुड्याचा घाट चढून पाल. पाऊणशेच्या आसपास किलोमीटर. मुक्काम आणि जेवण धरून माणशी बाराशे. सामान मागच्या टेम्पोत. दमलात तर तुम्हीही टेम्पोत, पण मग राइड पूर्ण धरायची नाही, एवढाच नियम.

जानेवारीतली थंडी होती. भुसावळला रफिकभाई आम्हाला येऊन मिळाले. साठीला टेकलेले, वेल्डिंगचं दुकान, सायकलचं कॅरियर स्वतःच्या हाताने जोडलेलं.

"ताई, घाटात माझ्या मागेमागे राहा," ते म्हणाले. "मी ओढून नेतो तुम्हाला."

तापीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं, की खाली नदी आहे यावर विश्वास ठेवायचा एवढंच हातात होतं. पुढचा सायकलवाला विरघळून जायचा आणि त्याच्या घंटीचा आवाज तेवढा मागे राहायचा. पलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना ओली, रुंद पानं, त्यांवरून टपटपणारं दव आणि मधून आमचा रस्ता. आपण पायडल मारतोय हे मी कितीतरी वेळ विसरूनच गेले होते.

खिरोद्याला जेवायला थांबलो. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल-मिरची. घाटाआधी कमी खा, असं मी तुम्हाला सांगेन. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुठी चालल्या व माय, सायकली घीसन?"

"पालला, आजी."

"मंग बस नही का भेटली?"

हसत निघालो. घाट लागला आणि हसू थांबलं. पहिल्या काही वळणांनंतर मांड्या भरून आल्या. रफिकभाई मागे कधी पडले, कळलंही नाही. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा चढले, पुन्हा थांबले. एका सालईच्या झाडाखाली हातपाय थरथरायला लागले. आजारपणातली तीच थरथर. मी घाबरले. मागून टेम्पो आला तेव्हा सायकल टेम्पोवाल्याच्या हातात दिली आणि आत चढले.

आत रफिकभाई बसले होते. डोक्यावर ओला रुमाल, नजर बाहेर. मला बघून थोडे सरकले. 

पालला विश्रामगृहाच्या अंगणात सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी बाजूच्या पायरीवर बसले. रफिकभाई शेजारी येऊन बसले.

"सकाळी नऊला निघायचं ना परत?"

"हो."

"मग त्याच्या आधी वेळ आहे."

"कशाला?"

"ते राहिलेलं घेऊन येऊ."

उजाडताच आम्ही दोघं सायकली काढून घाट उतरायला लागलो. सागाची वाळकी पानं चाकांखाली कुरकुरत होती. दरीत धुकं साचलेलं, त्यातून फक्त झाडांचे शेंडे वर आलेले. सालईचं झाड आलं. मी ब्रेक दाबला.

"तुमचं इथंच ना?" रफिकभाई म्हणाले. "थांबा तुम्ही. माझं अजून खाली आहे."

ते वळणाआड गेले. मी झाडाखाली उभी राहिले. पोट रिकामं, पाय हलके, अंगात कुठेही थरथर नाही. मग मीही ब्रेक सोडला.

त्यांची जागा चांगली तीन वळणं खाली होती. मला बघून ते म्हणाले, "तुम्ही कशाला आल्या? हे तर तुमचं काल झालेलं."

"असू द्या. चला."

आणि आम्ही चढलो. फार हळू. या वेळी ओढून नेण्याची भाषा नव्हती. कधी ते पुढे, कधी मी. थांबलो तर दोघंही थांबायचो. ऊन आधी समोरच्या डोंगरावर आलं, मग रस्त्यावर, मग आमच्या पाठीवर. सालईचं झाड कधी मागे गेलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. चढ संपला तेव्हाही मी थोडा वेळ त्याच जोराने पायडल मारत होते.

अंगणात पोहे वाढणं चाललं होतं. ग्रुपचे हेमंत सर म्हणाले, "अरे, सकाळी सकाळी कुठे गेला होतात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रफिकभाई म्हणाले, "काही नाही. जरा पाय मोकळे करून आलो." आणि दोन प्लेटा उचलून एक मला दिली.

संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्याने दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

"झाली पूर्ण?"

"झाली. दोन तुकड्यांत."

त्याला समजलं नाही. तेव्हा चहा घेता घेता सगळं सांगितलं. आता घरात बादली उचलायला लागले की अजूनही कोणीतरी उठतं, सवय एवढ्यात जाणार नाही. पण डोळे मिटले की तो धुक्यातला उतार दिसतो आणि त्यात माझ्या बोटांखालून सुटलेला ब्रेक. चढ चढल्याचं तर कोणीही सांगेल. मला गरज नसताना उतरलेल्या त्या उताराचंच नवल वाटत राहतं.