गंजाची कल्हई

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेरवीचं जेवण उरकलं आणि मावशीनं मला खाप्याला, तिच्या घरी न्यायचं म्हणून माझे कपडे बांधायला घेतले. बाबांनी त्या बोचक्यावर हात ठेवला.

"होळीपर्यंत राहू द्या पोरीले," ते म्हणाले. "मी रांधतो. नाही जमलं तर मंग तुम्ही न्या."

"बाप्यामाणसाले नाही जमत हे, भाऊजी," असं म्हणत मावशी एकटीच परत गेली.

बाबा नागपुरात एका कापडगिरणीत फिटर होते. झिजलेल्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओतायचं काम त्यांचं. त्यात मुख्यतः कथील, जोडीला थोडं तांबं आणि अँटिमनी. हाच मसाला थोड्याफार फरकानं विलायतेत प्यूटर म्हणवून घेतो आणि त्याचे पेले टेबलावर मिरवतात, हे मला फार पुढे कॉलेजात कळलं. कथील मऊ असतं, नखानं ओरखडा उठेल इतकं, आणि आचेवर बघता बघता त्याचं पाणी होतं. बाबांच्या हातांना हे पाठ होतं. पण घरातला पितळी गंज, म्हणजे आमचं उभट पातेलं, आतून पांढरा असतो तो कथलाच्याच कल्हईमुळे, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. भांडी आईकडे होती, आणि कुठल्या बाप्यानं भांड्यात डोकावून पाहिलंय?

रांधायला मात्र ते शिकले. भात कधी गिचका, कधी कच्चा. मी मुकाट्यानं जेवायचे. नावं ठेवली तर खाप्याला जावं लागेल, एवढं मला कळत होतं. शाळेतून आल्यावर बाबांची पाळी सुटेपर्यंत घरात मी एकटी. आईची लुगडी दांडीवरून काढली होती, दांडी तशीच होती. मी तिकडे पाठ करून बसायचे. तरी मला तेच घर हवं होतं.

होळीला मावशी आली. बाबांनी कढीचा बेत केला. गंज धुतला, सुकावा म्हणून सिगडीवर ठेवला आणि शेजारी ताक आणायला गेले. तिथे गप्पांत अडकले. बाहेर मावशी माझी वेणी घालत होती. भांड्यात पाणी असलं तर विस्तव कल्हईला काही करू शकत नाही. रिकामं तापलं की कथील वितळून गोळा होतं. बाबा परतले तेव्हा तळाशी बारीक चमकते मणी दिसले. काही कचरा असेल म्हणून त्यांनी ते फडक्यानं पुसून काढले, कढी केली, आणि जेवणापर्यंत ती तशीच गंजात राहिली.

"काहून वं, चांगली नाही झाली का?" मी दुसरा घोट घेईना तेव्हा त्यांनी विचारलं.

"चांगली आहे," म्हटलं आणि वाटी संपवली. थोड्या वेळात सगळं ओकून टाकलं.

मावशीनं गंज उजेडात तिरपा धरला. आत पिवळंधमक पितळ. "कल्हई उडाली याची, भाऊजी. पितळ उतरून कळकली कढी. हे खाऊ घातलं तुम्ही पोरीले."

बाबांनी गंज हातात घेऊन आत पाहिलं. "मी रोज हेच ओततो," ते म्हणाले. "अन् मले ओळखू नाही आलं."

दुसऱ्या दिवशी मी खाप्याला गेले. तिथे घर भरलेलं, मावसभावंडांचा गलका, वेळेवर जेवण. कोणी वाईट वागवलं नाही आणि त्याचाच मला राग यायचा, कारण रडायला काही निमित्त सापडेना. पुढे मी रसायनशास्त्र शिकवू लागले. कथलाची पट्टी कानाशी धरून वाकवली की ती कुरकुरते. पोरींना गंमत वाटायची, पुन्हा पुन्हा वाकवून मागायच्या. मी पट्टी त्यांच्या हातात द्यायचे आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे.

त्या होळीनंतर महिनाभरानं बाबा खाप्याला आले. घरातल्या साऱ्या भांड्यांना कल्हई करून घेतली होती, नवसागराच्या धुरात कल्हईवाल्यासमोर बसून. पुरावा म्हणून तोच गंज पिशवीत घालून आणला होता. तो त्यांनी मावशीच्या पुढ्यात ठेवला. आतून आरसा.

"आता पाहा," ते म्हणाले. "आता नाही उडू देत."

मी चपला घालून दारात उभी राहिले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी तयार होते.

मावशीनं गंज आतून बोटानं चाचपला. "छान झाली," म्हणाली आणि तो घेऊन आत गेली. पाहुण्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिनं त्यात त्या साली घातलेल्या कुरड्या भरल्या, वर फडकं बांधलं आणि गंज बाबांच्या हातात दिला.

कुरड्या एका माणसाला पुरतील एवढ्याच होत्या.