आठ बादल्या आणि दीडशेची टाकी

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी अकरा. हजर: सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), हे, मुलगी, मुलगा, मी आणि बुलढाण्याहून मोटारसायकलवर आलेला हीट पंपवाला. विषय एकच: टाकी किती लिटरची घ्यायची.

धाड गावात आमचं घर आहे. आंघोळीचं पाणी मागच्या अंगणातल्या बंबावर तापायचं आणि तिथून बादलीने न्हाणीघरात न्यावं लागायचं. गेल्या हिवाळ्यात पहाटे पाचला आत्याबाई भरली बादली घेऊन ओल्या फरशीवरून घसरल्या आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला. नंतर मी त्यांची बादली भरून द्यायला लागले, पण ते त्यांना पटत नव्हतं. आपली आंघोळ आपली आपण करायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. म्हणून न्हाणीघरातल्या नळालाच गरम पाणी हवं होतं.

बंद न्हाणीत गॅसचा गिझर नको, हे यांनी आधीच सांगितलं होतं. गच्चीवर विजेची सौर पॅनेल बसवलेली, त्यामुळे पाणी तापवणाऱ्या सोलरला जागा उरली नव्हती. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, वीज कमी खातो, पण सावकाश चालतो. पहाटेच्या गारठ्यात तर आणखी सावकाश. तेव्हा तो दुपारी चालवायचा, हवा गरम असते आणि पॅनेलची वीजही असते, आणि तापलेलं पाणी सकाळपर्यंत टाकीत साठवायचं. याचा अर्थ सरळ होता. सकाळी सगळ्यांना मिळून जेवढं लागेल तेवढं टाकीत आधीच पाहिजे. मध्ये पुन्हा तापेल या भरवशावर राहता येत नाही.

अंदाजावर मी काही घेत नाही. आठ दिवस आधी न्हाणीच्या दारावर जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा चिकटवला, दोऱ्याला पेन्सिल बांधली आणि सगळ्यांना बजावलं, जेवढ्या बादल्या घ्याल तेवढ्या रेघा आपल्या नावापुढे ओढा. रोजची सरासरी निघाली ती अशी: हे दोन, मुलगा दोन, मुलगी दोन, मी एक, आत्याबाई एक. एकूण आठ.

पंपवाल्याने कागद वाचला. "वहिनी, एवढा हिशेब तर आमच्या दुकानातबी कोणी ठेवत नाही." मग त्याने गणित मांडलं. गार पाणी मिसळायचंच असतं, त्यामुळे हिवाळ्यात एका बादलीला टाकीतलं बारा लिटर धरायचं. आठ बादल्यांचे शहाण्णव, भांड्यांना वीस, म्हणजे एकशे सोळा. "दीडशेच्या टाकीतले सव्वाशेच खरे. बाकीचं कोमट निघते. तुमचं बसते त्याच्यात, पण अंगावरच्या घट्ट कपड्यासारखं बसते. मी म्हणतो दोनशेची घ्या."

"तुले मोठीच खपवायची असंन," आत्याबाई म्हणाल्या.

"मावशी, मोठी खपवायची असती तर तीनशेची सांगितली असती."

"आणि पाहुणे आले तर?" यांनी विचारलं.

"पाहुण्यांना बंब आहे," मी म्हटलं. "दीडशे ठरली."

दीडशे लिहून ठेवायला मी आत वही आणायला गेले. वहीच्या शेजारीच गोळ्यांचा तक्ता लावलेला असतो. आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या आणि गुडघेदुखीची, जी लागेल तेव्हाच घ्यायची. गुडघ्याच्या रकान्यात आठवड्याला एखादी खूण असते. गेल्या आठ दिवसांत मात्र सात खुणा होत्या, आणि त्या मीच केल्या होत्या. रोज गोळी देत होते, खूण करत होते आणि थंडी वाढली असं म्हणत होते. कागद दारावर लागला त्या दिवसापासूनच खुणा सुरू झालेल्या दिसल्या.

तक्ता तसाच बाहेर आणला. "आत्याबाई, एरवी किती बादल्या घेता?"

"एक. लिहिली नाही काय?"

"आजी, तू तर घमेल्यात पाय बुडवून बसते," मुलगी म्हणाली. "आणि त्याच्यानंतर गुडघ्यावर पुन्हा एक बादली."

"तू चूप बस व."

"मग या आठवड्यात काऊन नाही बसली?"

आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं. "कमावत्या पोराच्या नावापुढे दोन रेघा आणि घरात बसणाऱ्या म्हातारीपुढे तीन? येणारा-जाणारा वाचते तो कागद."

पंपवाला पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसला. हे म्हणाले, "आई, न्हाणीत येणारा-जाणारा कोण येते?"

"हा आला नाही काय आता?"

कागद माझाच होता. आठ दिवसांच्या त्या संकोचावर टाकी घेतली असती तर पुढची दहा-पंधरा वर्षं त्यांच्या गुडघ्यांना पाणी कमीच पडलं असतं, आणि ते त्यांनी सांगितलंही नसतं. दोन बादल्यांचे चोवीस लिटर वाढवले. एकशे चाळीस. दीडशेतल्या खऱ्या सव्वाशेत ते बसत नव्हतं. वहीत दोनशे लिहिलं आणि कागद दारावरून काढला.

त्यानंतरच्या यादीतली कामं वेळेत झाली. मागच्या भिंतीला टाकीसाठी ओटा बांधला, हवा खेळायला एक हात जागा सोडली, बोअरचं पाणी जड म्हणून आधी फिल्टर बसवला, दुपारची वेळ लावली, नळाशेजारी धरायला दांडा ठोकून घेतला. पंप महिनाभर व्यवस्थित चालतो आहे. सकाळी सगळ्यांचं आटोपलं तरी नळाला गरम पाणी येतं. आत्याबाई पहाटे पाचला आपली आपण आंघोळ करतात, पण एकाच बादलीत. घमेलं अजून बंबाशेजारीच उपडं पडलेलं आहे. विचारलं की म्हणतात, "पोरं आटपू दे आधी."

यादीतलं सहावं काम: आत्याबाईंना दुसरी बादली भरायला लावणे. त्यापुढे अजून खूण नाही.